साठवण नव्हे, जिरवण

प्रश्न : मुंबई हायच्या परिसरात समुद्रतळाखाली कार्बन डायऑक्साइड साठवता येईल का, या विषयावरच्या व्याख्यानात वक्ते 'खोरं' म्हणत होते, पडद्यावर मात्र 'द्रोणी' होतं. बरोबर काय? (एक वाचक, मुलुंड)

द्रोणी. खोरं नदीचं. गाळ साचत गेलेला समुद्राखालचा खळगा म्हणजे द्रोणी. पत्रावळीशेजारचा द्रोण पाहिलेल्याला आणखी काय सांगायचं?

पण 'साठवता' हे तुमच्या कानाला खटकलंच नाही? जो तो तेच म्हणतो! साठवण म्हणजे लागेल तेव्हा काढायची बेगमी. हा वायू तर पुन्हा वर येऊच नये म्हणून 800 मीटरपेक्षा खोल ढकलायचा. त्याला आपल्याकडे 'जिरवणे' हा खणखणीत शब्द आहे.

जिरणे आलं संस्कृत 'जीर्यति'वरून : झिजणे, पचणे. जीर्ण, अजीर्ण ही त्याचीच भावंडं. आता वनपर्व आठवा. बोकड झालेला वातापी पाहुण्याच्या पोटात जाई आणि त्याचा भाऊ इल्वल याने हाक मारली की पोट फाडून बाहेर येई. अगस्त्यांनी त्याला जिरवला. जेवणानंतर पोटावरून हात फिरवत जुनी माणसं म्हणत, 'आतापी भक्षितो येन वातापी च महाबलः, समुद्रः शोषितो येन...' वायू आणि समुद्र, एकाच श्लोकात! माझ्या मते वातापी म्हणजे पोटातला वातच. ऋग्वेदाच्या अन्नसूक्तात 'वातापि' राक्षस नाही म्हणून पंडित नाकं मुरडतील; खुशाल मुरडोत.

परिभाषावाले म्हणणार, जिरतं ते पाणी, वायू नव्हे. आणि 'प्रच्छादन' पुढे करणार. अहो, प्रच्छादन म्हणजे झाकणं! ते काम वरच्या अभेद्य खडकाचं. खाली काय होतं? त्या दाबाला हा वायू द्रवासारखा दाट होतो, थोडा खडकाच्या छिद्रांत अडकतो, थोडा खाऱ्या पाण्यात विरघळतो आणि ते पाणी जड होऊन खाली बसतं. याला जिरणं नाही तर काय म्हणायचं? नॉर्वेने स्लाइपनर या वायुक्षेत्रात 1996 पासून उत्तर समुद्राखालच्या वालुकाश्मात हेच केलं, सुरुवातीला वर्षाला सुमारे 10 लाख टन.

मुंबई हायचं (शोध 1974) पोट जरा निराळं. तिथला मुख्य तेलखडक चुनखडक, आणि कार्बन डायऑक्साइड मुरलेलं पाणी चुनखडक खातं. त्यात पन्नास वर्षांत पाडलेल्या तेलविहिरी. इल्वलाची हाक ऐकून वातापी कुठल्या भोकातून वर येईल, ते आधी शोधायला हवं. द्रोणीची तपासणी म्हणतात त्यात हेही आलं.