डिस्पोजलच्या (लष्कराने विकून टाकलेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या) जीपवर बॉडी नंतर चढवलेली असेल, तर चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) विलीजची की फोर्डची हे कसं ओळखायचं?

रेडिएटरखालच्या, चॅसीच्या सर्वांत पुढच्या क्रॉस मेंबरला (दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या तुकड्याला) हात लावून बघा: गोल पाइप असेल तर विलीज एमबी, उलट्या यू आकाराचा चॅनल असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू. बॉडी बांधणारा पत्रा, बॉनेट, दारं सगळं नवं करतो, पण हा तुकडा सहसा हलवत नाही. फोर्डचा नंबर चॅसीच्या डाव्या दांड्याच्या वरच्या अंगावर, इंजिन माउंटिंगजवळ ठोकलेला असतो. रंगाचे थर तारेच्या ब्रशनेच काढा. ग्राइंडर लावलात तर आकडे कायमचे जातील. विलीजची नंबरपट्टी त्याच बाजूला, चॅसीच्या आतून, बंपरमागे रिव्हेट केलेली असायची. ती बहुधा गायब झालेली असते. बोल्टच्या डोक्यावरचं फोर्डचं ‘एफ’ पुरावा धरू नका, बोल्ट बदलत राहतात. मात्र १९४५ पासूनच्या विलीजच्याच नागरी जीपला, सीजे-२ए लाही यू चॅनलच आहे, त्यामुळे यू दिसला तर नंबर शोधावाच लागतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंचांहून जास्त भरलं, तर लांब बॉडीसाठी चॅसी कापून जोडलेली आहे. वेल्डिंगची सरळ उभी रेघ दिसली तर तडा तिथेच शोधा.