बॅटरी चार वर्षांची झाली म्हणून बदलायची का?

तुमचा प्रश्न असा: पेट्रोल गाडी, बॅटरी चार वर्षांची, सेल्फ पहिल्या झटक्यात लागतो, तरी दुकानदार म्हणतो बदला. काय करू?

बदलू नका, आधी मोजा. वॉरंटीचे महिने हा कंपनीचा पैशाचा हिशेब असतो. आतल्या शिशाच्या प्लेटांना तो कुणी कळवलेला नसतो. आपल्याकडे बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं जाते. विदर्भातल्या उन्हाळ्यात तीनच्या जवळ, कारण उष्णतेने प्लेटा लवकर गंजतात. त्रास मात्र थंडीच्या सकाळी दिसतो, म्हणून लोक थंडीला दोष देतात.

‘जुनी झाली, बदला’ या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे, आणि त्याचा पुरावा म्हणजे नागपूरची एक हॅचबॅक. अडीच वर्षांत दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या, तरी दर सोमवारी सकाळी नुसती टक्‌टक्. दोन्ही वेळा काउंटरवर निदान एकच: बॅटरी गेली. मीटर लावायचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण एक अँपिअर ३५ तास पुरवेल इतक्या साठ्याची. सोमवारी सकाळी टर्मिनलवर ११.९ व्होल्ट. मोजायची वेळ हीच, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. नुकतीच बंद केलेल्या गाडीत वरवरचा चार्ज १२.८ सुद्धा दाखवतो आणि फसवतो. उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. नीट चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकली, तर आतल्या सहा सेलपैकी एक मेलाय. तिथे विषय संपला.

जंपर केबलने दुसऱ्या बॅटरीचा आधार देऊन इंजिन चालू केलं, टर्मिनलवर १४.२ आले. म्हणजे अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं यंत्र) धडधाकट, बॅटरीला उभ्या गाडीत कुणीतरी खातंय. मग ऋण टर्मिनल सोडवून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टीमीटर, १० अँपिअरच्या खाचेत. बॉनेट उघडं, पण दारं बंद. अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतले इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर झोपायला वेळ घेतात आणि त्याआधीचा आकडा खोटा असतो. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो.

२० ते ५० मिलिअँपिअर चालतं. इथे ३२०. एकेक फ्यूज काढत गेल्यावर एका फ्यूजला आकडा ३० वर घसरला. डॅशकॅमची वायर कायम चालू राहणाऱ्या त्या फ्यूजवर टोचलेली होती. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, ६० तास धरले तर १९ अँपिअर-अवर गेले, अर्ध्याहून जास्त. बाकीचे दिवस ऑफिसपर्यंतचे चार किलोमीटर. तेवढ्यात ती कधी भरलीच नाही. अर्ध्या चार्जवर पडून राहिलेल्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि नवीकोरी बॅटरीही वर्षभरात म्हातारी होते. सेल्फ फारसं खात नाही हो: १५० अँपिअर दोन सेकंद म्हणजे अँपिअर-अवरचा दहावा भागही नाही.

तुमच्या गाडीला इतकं लागणार नाही. बॅटरी पूर्ण चार्ज असताना कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि टर्मिनलवर मीटर धरा. ९.६ च्या खाली गेली तर बदला. रात्रभर चार्जरवर लावून, ऋण केबल सोडून ठेवूनही दुसऱ्या दिवशी १२.४ च्या खाली आली, तरी बदला. डबा फुगला किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास आला, तर चाचणी नको, बदलाच. बॅटरीच्या वरच्या, चार्ज दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

आधी फुकटातला उपाय: टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, सुकल्यावर घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. मग सेल्फ मारताना मीटरची एक सुई ऋण टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या धातूला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगच्या पट्टीचा, म्हणजे ऋण टर्मिनल गाडीच्या धातूला जोडणाऱ्या केबलचा. ती बॅटरीपेक्षा खूप स्वस्त.

घेतलीच तर जुन्यासारखीच घ्या, धन टर्मिनल त्याच बाजूला हवं, नाहीतर केबल पोहोचत नाही. उत्पादनाची तारीख बघा, काउंटरवरच मीटर लावा, १२.५ च्या खालची परत करा. काढताना ऋण आधी, बसवताना शेवटी. जुनी बॅटरी परत देऊन तिचे पैसे वळते करून घ्या.

एवढं सगळं म्हटलं, पण दोन अपवाद सांगायला हवेत. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम ही वारंवार सुरू-बंद सोसणारी खास बॅटरीच लागते, साधी बसवली तर लवकर जाते. शिवाय तिचा अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे १४.२ चा आग्रह तिथे चालत नाही. आणि रात्री-अपरात्री घाटातून जाणं असेल, तर चार वर्षांनंतर आकडे बरे दिसले तरी बदलून टाका. हो, दुकानदार म्हणतो तेच. पण कारण तुमचा रस्ता, त्याचं कॅलेंडर नाही.