फाय कप्पा फायचं आमंत्रण आलंय, फी भरून सदस्य व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की एमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहात, फाय कप्पा फाय या अमेरिकेतल्या ऑनर सोसायटीचं (म्हणजे वरच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना निवडून सदस्य करून घेणारी संस्था) पत्र आलंय, आणि फी भरली तर नोकरीला उपयोग होतो का.

भरा. पत्र तुमच्याच विद्यापीठातल्या चाप्टरकडून, म्हणजे सोसायटीच्या शाखेकडून, आलं असेल तर बिनधास्त भरा. हे 'असेल तर' उगाच घातलेलं नाही. मला ते पंच्याण्णव डॉलरना पडलंय.

मी सांगलीची. २००८ मध्ये इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायला मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठात आले. पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड लागले आणि जानेवारीत ईमेल आला, 'अभिनंदन, तुमची निवड झाली आहे.' संस्थेचं नाव घेत नाही. नावात 'आंतरराष्ट्रीय' होतं आणि वर भला मोठा सोनेरी शिक्का. एरवी पावाच्या पाकिटाची किंमतही रुपयांत बघायला ४८ ने गुणणारी मी, त्या रात्री गुणाकार न करता कार्डाचा नंबर टाकून मोकळी झाले. महिन्याभरात जाड पुठ्ठ्यात प्रमाणपत्र आलं. मग फक्त स्वेटशर्ट घ्या, अंगठी घ्या, असे ईमेल. बैठक नाही, प्राध्यापक नाही, कॅम्पसवर कुणी नावही ऐकलेलं नाही. तोवर मी ते प्रमाणपत्र सुट्टीला निघालेल्या एका मैत्रिणीबरोबर घरी पाठवूनही दिलं होतं.

त्यामुळे पुढच्या वर्षी फाय कप्पा फायचं पत्र आलं तेव्हा मी ते सरळ कचऱ्यात टाकलं. रूममेटने काढलं. म्हणाली, अगं यावर खरी सही आहे, शाईची. सही मृदाशास्त्राच्या एका प्राध्यापकांची होती, तेच चाप्टरचे अध्यक्ष. दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून त्यांच्या ऑफिसात जाऊन धडधडीत विचारलं की हा पैसे उकळायचा प्रकार आहे का. खिडकीत मातीच्या नमुन्यांच्या बरण्या मांडलेल्या होत्या. त्यातली एक हातात फिरवत ते अर्धा तास बोलले.

फाय बीटा कप्पा ही अशीच जुनी सोसायटी, १७७६ पासूनची, पण ती कला आणि मूलभूत विज्ञानवाल्यांची. शेतकी आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना तिथे दार बंद. म्हणून १८९७ मध्ये मेन विद्यापीठात मार्कस युरान नावाच्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने दहा विद्यार्थी, दोन प्राध्यापक आणि खुद्द विद्यापीठाचे अध्यक्ष यांनी मिळून सगळ्या शाखांसाठी ही सोसायटी काढली. १९०० मध्ये पेन स्टेट आणि टेनेसी ही विद्यापीठं आली आणि फाय कप्पा फाय हे नाव पडलं. (हा युरान पुढे वकील झाला आणि मग क्रॅनबेरी या आंबट लाल फळाच्या धंद्यात शिरला. थँक्सगिव्हिंगला डब्यातून जो लाल सॉस थरथरत बाहेर येतो त्यामागे हाच माणूस. ओशन स्प्रे ही सहकारी संस्था १९३० मध्ये उभी करणाऱ्यांत तो होता. आवळ्याच्या मुरंब्याची सर नाही, पण सहकार म्हटल्यावर सांगलीच्या माणसाला बरं वाटतं.) सदस्य कोण होणार? पदवीच्या तिसऱ्या वर्षातले वरचे साडेसात टक्के, शेवटच्या वर्षातले आणि एमएस-पीएचडीचे वरचे दहा टक्के, तेही चाप्टरने निवडले तरच. आपणहून अर्ज करता येत नाही.

मी फी भरली. वर त्यांनी मला विद्यार्थी उपाध्यक्षही करून टाकलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. माझं काम काय, तर वसंतातल्या समारंभासाठी सदस्यांच्या कामगिरीची यादी करायची. प्रत्येकाने एक ओळ द्यायची. नर्सिंगच्या एक्कावन्न वर्षांच्या बाईंनी लिहिलं, 'धाकट्या मुलाच्या एक वर्ष आधी पदवी घेतेय.' दुग्धशास्त्राच्या मुलाने स्वतःविषयी अक्षर न लिहिता त्याच्या गायीने जत्रेत काय जिंकलं ते लिहिलं. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या एकाने गावच्या बंद पडलेल्या शाळेचा बँड पुन्हा उभा केला होता.

माझ्या नावापुढे मी लिहिलं, 'जीपीए ३.९४.' म्हणजे चारपैकी सरासरी ग्रेड.

प्राध्यापकांनी कागद बघितला आणि पेन्सिलीने आडवी रेघ मारली. म्हणाले, तो इथे सगळ्यांचाच आहे, तू केलंस काय? पहिलीपासून पंचवीस वर्षांची होईपर्यंत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. टक्के हेच उत्तर असायचं. दोन दिवस डोकं खाजवून मी लिहिलं, 'इस्पितळातल्या तातडीच्या विभागातून रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोचायला लागणारा वेळ ११ मिनिटांनी कमी केला.' तोच माझा थीसिस होता. पण तो असा एका वाक्यात मांडता येतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

आता तुमचा नोकरीचा प्रश्न. रेझ्युमेवरच्या फाय कप्पा फायबद्दल मला कुणीही, कधीही काही विचारलं नाही. त्या ११ मिनिटांबद्दल मात्र प्रत्येक मुलाखतीत विचारलं. अमेरिकन सरकारी नोकरीत मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीचं सदस्यत्व असेल तर जीएस-७ या पगारश्रेणीला थेट पात्र ठरता येतं, पण त्या नोकऱ्या जवळजवळ सगळ्या नागरिकांसाठी. एफ-१ वाल्यांना, म्हणजे आपल्यासारख्या विद्यार्थी व्हिसावरच्यांना, त्याचा उपयोग शून्य.

तरीही भरा म्हणतेय, कारण 'कशाला भरता' म्हणणारा माणूस तुमच्याही घरात असणार. आमच्याकडे तो न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. माझा मामेभाऊ. एका गणपतीत त्याच्या घरी, पंधरा माणसांदेखत, हातात मोदक घेऊन दादा म्हणाला, "पैसे भरून मिळतं ते बक्षीस नसतं, पावती असते." लोक हसले. मीही हसले. पण दादा, फी तर तू दहावीच्या बोर्डालाही भरली होतीस. म्हणून तुझी मार्कशीट पावती होते का? फी कोण मागतंय हा प्रश्नच नाही. फी मागण्याआधी तुम्हाला कुणी पारखलं का, ते बघायचं. एवढं साधं मला त्या दिवशी सुचलं नाही असं नाही. बोलता आलं नाही.

कारण दादा त्याच उन्हाळ्यात सांगलीला जाऊन आला होता. हॉलमध्ये बाबांनी माझं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय, ते बघून त्याने मोबाईलवर नाव शोधलं होतं. आणि भिंतीवर आहे ते पहिलं. सोनेरी शिक्क्याचं. मी नंतर फाय कप्पा फायचंही पाठवलं होतं, पण ते आकाराने लहान, दिसायला साधं. बाबांनी ते कपाटात फाईलला लावलं. म्हणजे भिंतीवरच्या कागदाबद्दल दादाचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि मी भांडणार होते ते फाईलमधल्या कागदासाठी. हे समजावून सांगायचं तर आधी बाबांना सांगावं लागलं असतं.

हो, राहिलंच. माझी माहिती पंधरा वर्षं जुनी आहे. फी किती ते चाप्टरला विचारा, प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. पहिल्या वर्षानंतर सदस्यत्व चालू ठेवायला वर्गणी लागते, ती मी केव्हाच भरायची बंद केली. पदवीदानाला गळ्यात घालायच्या दोऱ्या आणि पदकं वेगळ्या पैशांनी मिळतात, ती नाही घेतलीत तरी चालेल. आणि हाताशी खरंच पैसे नसतील तर आधी भाडं भरा.

मागच्या दिवाळीत घरी गेले होते. दुपारी सगळे झोपल्यावर स्टुलावर चढून फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, फाईलमधलं प्रमाणपत्र आत बसवून बघितलं. चारी बाजूंनी तीन बोटं पांढरा पुठ्ठा उरतो. बाबांच्या लगेच लक्षात आलं असतं. परत होतं तसं लावून ठेवलं.