प्रसिद्ध व्यक्ती गेल्याची बातमी ऐकली तेव्हा आपण कुठे होतो, हे इतकं लख्ख का आठवतं?

धक्का, भावना आणि नंतर वारंवार सांगणं, यामुळे. ब्राऊन आणि कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली अशा आठवणींना 'फ्लॅशबल्ब मेमरी' म्हटलं. त्यांच्यापुढे मुख्य उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचं होतं. पण लख्ख म्हणजे अचूक असं नाही. 1986 मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान हवेतच फुटलं, तेव्हा मानसशास्त्रज्ञ नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून हकिकती लिहून घेतल्या. काही वर्षांनी विचारलं तर बऱ्याच जणांची जागा आणि सोबतची माणसं बदललेली. ठामपणा मात्र तसाच!

आपल्याकडे 31 ऑक्टोबर 1984 घ्या. इंदिराजींवर सकाळी सव्वानऊच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या, पण आकाशवाणीनं निधनाची अधिकृत बातमी दिली संध्याकाळी. बीबीसीनं ती आधीच सांगितली होती. बंगालमध्ये असलेले राजीव गांधीही बीबीसीच लावून बसले होते. त्यामुळे कुणी काका 'निधनाचं सकाळीच आकाशवाणीवर ऐकलं, मग शाळा सुटली' म्हणाले, तर बहुधा दोन-तीन आठवणी एकमेकींत मिसळल्यात. काकांना सांगायला जाऊ नका, ऐकणार नाहीत. खात्री करायचीच असेल तर त्या काळातली डायरी किंवा पत्रं शोधा.