‘डिरायसिव्हली’ मराठीत आणताना

प्रिय मित्रा,

तुझ्या अनुवादात इंग्रजी ‘डिरायसिव्हली’ (derisively) जिथे जिथे आलं, तिथे तू ‘उपहासाने’ लिहिलं आहेस. चूक नाही, पण तेवढ्यावर भागत नाही.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘रिडेरे’त, म्हणजे हसण्यात आहे. ‘रिडिक्यूल’, ‘रिडिक्युलस’ हे त्याचेच भाऊबंद. त्यामुळे त्यात हसू आणि तुच्छता दोन्ही एकत्र येतात. नुसती तुच्छता असेल तर इंग्रजी लेखक बहुधा ‘स्कॉर्नफुली’ घेतो. हसण्यात खोट नसेल तर ‘टीझिंगली’. ‘मॉकिंगली’ सगळ्यात जवळचं, मात्र त्यात वेडावून दाखवणं, नक्कल करणंही येऊ शकतं. म्हणूनच इथे ‘थट्टेने’ लिहू नकोस. थट्टा मायेचीही असते. ‘कुत्सितपणे’, ‘हेटाळणीच्या सुरात’ हे नेमके बसतात.

आता हे वाक्य घे: ‘यू, अ सिंगर?’ शी सेड डिरायसिव्हली.

“तू आणि गायक?” ती कुत्सितपणे म्हणाली. हे चालेल. पण “म्हणे गायक!” ती म्हणाली, हे कितीतरी जिवंत वाटतं, कारण हेटाळणीचं सगळं काम त्या ‘म्हणे’ने केलं. “मोठा आलाय गायक!” यातही तेच. अशा संवादापुढे पुन्हा ‘कुत्सितपणे’ ठेवलंस तर सांगितलेलंच परत सांगितल्यासारखं होतं आणि वाक्य पडतं. ‘स्नॉर्टेड डिरायसिव्हली’साठी तर क्रियाविशेषण शोधतच बसू नकोस, ‘हुं! करून तिने नाक मुरडलं’ पुरेसं आहे.

इंग्रजीत लिहिताना हा शब्द क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये घुसवू नकोस. क्रियापदाच्या आधी ठेव, नाहीतर कर्माच्या नंतर.

‘डिरायसरी’शी गल्लत फार होते. जो हसतो तो डिरायसिव्ह, जे हसण्याजोगं असतं ते डिरायसरी. देऊ केलेली रक्कम हास्यास्पद इतकी कमी असेल तर ती डिरायसरी. उच्चारात ‘राय’वर जोर दे, नाम मात्र ‘डिरिझन’, तिथे ‘राय’ उरत नाही.

सगळ्यात फसवा शेजारी ‘डिसायसिव्हली’ (decisively), म्हणजे निर्णायकपणे. स्पेलिंगमध्ये फरक फक्त तिसऱ्या अक्षराचा: ‘आर’च्या जागी ‘सी’. दोन्ही शब्द खरे असल्याने स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर सहसा हूं की चूं करत नाही, आणि कुत्सित हसणारं पात्र ठाम निर्णय घेऊन मोकळं होतं. मजकूर पाठवण्याआधी ते तिसरं अक्षर डोळ्यांनीच बघ.

तुझा हितचिंतक