होम ऑटोमेशनमध्ये सेन्सरचं रीडिंग आणि नोटिफिकेशन साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवलं तर चालेल का?

तुमची रचना मला समजली ती अशी: रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर एक स्क्रिप्ट तापमान वाचून टेक्स्ट फाईलमध्ये लिहिते, दुसरी ती फाईल वाचून पंखा चालू-बंद करते, आणि मोबाईलवर पाठवायचे मेसेजही एका फाईलमध्ये साठतात. आता कुणीतरी सांगितलंय की हे कच्चं काम आहे, डेटाबेस किंवा एमक्यूटीटी (उपकरणांनी नेटवर्कवरून एकमेकांना छोटे मेसेज पाठवायची पद्धत) हवंच.

माझं मत: सगळं एकाच मशीनवर असेल तर फाईलच ठेवा. काही बिघडलं तर फाईल उघडून डोळ्यांनी बघता येतं, ही सोय फार मोठी आहे. लिनक्स स्वतः हेच करतं. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर वन-वायरवर (एकाच तारेवरून डेटा पाठवायची पद्धत) जोडला की तो सिस्टीममध्ये फाईल म्हणूनच दिसतो. पहिल्या ओळीच्या शेवटी 'यस' असेल तर रीडिंग धड पोचलं, आणि दुसरीच्या शेवटी 'टी=२३१२५' म्हणजे २३.१२५ अंश सेल्सिअस. 'यस' न तपासता आकडा उचलू नका. आणि अचानक बरोबर ८५ अंश आले तर शंका घ्या: सेन्सरला वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत त्यात हाच आकडा असतो, आणि 'यस'ची चाचणी तो पास होतो.

मात्र आत्ताचं रीडिंग, जुन्या नोंदी आणि पाठवायचे मेसेज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या फाईली वेगळ्या ठेवा, कारण प्रत्येकीची लिहिण्याची पद्धत निराळी आहे.

आत्ताच्या रीडिंगची फाईल दरवेळी नव्याने लिहिली जाते, आणि खरा धोका तिथेच आहे. लिहिण्यासाठी फाईल उघडली की आधी ती रिकामी होते, मग मजकूर पडतो. नेमक्या त्या क्षणी पंख्याच्या स्क्रिप्टने वाचलं तर तिला काहीच मिळत नाही, आणि रिकाम्या मजकुराला शून्य समजणारा कोड पंखा बंद करून मोकळा होतो. हे क्वचितच घडतं, म्हणून शोधायला महाकठीण. उपाय सोपा आहे: आधी दुसऱ्या नावाच्या फाईलमध्ये पूर्ण मजकूर लिहा, ती बंद करा, आणि मग तिचं नाव बदलून मूळ फाईलच्या जागी आणा. पायथॉनमध्ये 'ओएस' मॉड्यूलचं 'रिप्लेस' हेच करतं. वाचणाऱ्याला एकतर जुनी फाईल मिळते किंवा नवी. अर्धवट कधीच नाही. लॉकची भानगडही लागत नाही. एकच अट आहे: दोन्ही फाईली एकाच फाईल सिस्टीमवर हव्यात. एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या की प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट मी अगदी आग्रहाने सांगेन. रीडिंगसोबत वेळ लिहाच. वायर सैल झाली किंवा लिहिणारी स्क्रिप्ट मेली, तरी फाईल तिथेच असते आणि शांतपणे २४ अंश सांगत राहते. वाचणाऱ्या स्क्रिप्टने आधी वेळ बघावी. दर मिनिटाला लिहिणं होत असेल आणि नोंद तीन-चार मिनिटांहून जुनी असेल, तर आकडा नाकारावा. नाकारल्यावर काय करायचं तेही आधीच ठरवा. पंखा चालू राहिला तर फार बिघडत नाही, पण हीटर असेल तर तो बंदच झाला पाहिजे. रास्पबेरी पाय ४ आणि आधीच्या मॉडेलमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं, त्यामुळे वीज जाऊन आल्यावर नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंतच्या नोंदी चुकीच्या वेळेच्या असू शकतात, हेही धरून चाला.

आत्ताच्या रीडिंगची फाईल एसडी कार्डावर ठेवू नका, सतत लिहिण्याने कार्ड झिजतं. पाच सेकंदांनी एकदा म्हटलं तरी दिवसाला १७,२८० वेळा लिहिणं होतं. 'रन' फोल्डर मेमरीत असतं, तिथे ठेवा. रीबूटला पुसली गेली तरी काही अडत नाही.

जुन्या नोंदींचं सोपं आहे. कार्डावर, फाईलच्या शेवटी एकेक ओळ जोडत जायची, महिन्याला नवी फाईल. मिनिटाला ३० बाइटची एक ओळ धरली तर वर्षाला साधारण १६ एमबी होतात.

मेसेजसाठी एक मोठी फाईल नको, फोल्डर करा, आणि प्रत्येक मेसेज स्वतंत्र फाईलमध्ये. ईमेल साठवण्याची मेलडिर पद्धत अशीच आहे. लिहिताना वरचीच नाव बदलण्याची युक्ती वापरा. पाठवणारी स्क्रिप्ट मेसेज पोचल्यावरच फाईल 'पाठवलेले' फोल्डरमध्ये हलवेल. इंटरनेट बंद असेल तर फाईल जागेवर राहील आणि पुढच्या फेरीत जाईल. फोल्डरवर आयनोटिफायने (फाईल बदलली की कळवणारी लिनक्सची सोय) लक्ष ठेवत असाल तर स्क्रिप्ट सुरू होताना आधीपासून पडून असलेल्या फाईलीही एकदा बघून घ्या, कारण त्यांची सूचना येणार नाही. आणि ३० अंशांच्या वर गेल्याचा मेसेज एकदाच जाऊ द्या. तापमान २८च्या खाली उतरल्याशिवाय पुन्हा नको. नाहीतर पारा ३०च्या आसपास घुटमळताना मोबाईल सारखा वाजत राहील, घरचे तो म्यूट करतील आणि खरी सूचना कुणी वाचणार नाही.

होम असिस्टंट हे घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर जोडायचं असेल तर त्यातलं फाईल इंटिग्रेशन टेक्स्ट फाईलची शेवटची ओळ सेन्सर म्हणून वाचतं. फक्त त्या फोल्डरला सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते.

फाईल सोडायची वेळ येते ती सेन्सर वायफायवर गेले की. ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपची दोन-तीन बोर्डं वेगवेगळ्या खोल्यांत असतील तर शेअर केलेल्या फोल्डरवर हे सगळं चालवायला जाऊ नका: दुसऱ्या मशीनने केलेला बदल आयनोटिफायला कळत नाही. तिथे एमक्यूटीटीच घ्या. त्यातला रिटेन्ड मेसेज (सर्व्हरने जपून ठेवलेला शेवटचा मेसेज) तुमच्या आत्ताच्या रीडिंगच्या फाईलचं काम करतो, आणि 'लास्ट विल'मुळे (बोर्डाने सर्व्हरकडे आधीच देऊन ठेवलेला मेसेज) बोर्डाचा संपर्क तुटल्याचं आपोआप कळतं. रीडिंगची वेळ मात्र तिथेही तपासा, कारण बोर्ड जिवंत असून त्याचा सेन्सर गेलेला असू शकतो.