कोरफड म्हणून आणलेल्या रोपावर पांढरे ठिपके आहेत आणि खालची पानं मऊ पडताहेत. ही खरी कोरफड ना? घरात मांजर आहे. (इंदूर)

ठिपक्यांची काळजी सोडा, कोरफडच दिसतेय. लहानपणी तिची पानं दोन बाजूंना पंख्यासारखी पसरतात आणि अंगावर ठिपके असतात. मोठी झाली की पानांचा गुच्छ होतो, ठिपके बहुतेक पुसट होतात. तरी पानाची कड चाचपून बघा, बोचऱ्या पण मऊसर दात्यांची लागेल. टोकाला दाभणासारखा काटा असला तर ती घायपात, तिचं पान फाडलं की दोरे निघतात. आणि वीतभर रोप, कडेला दाते नाहीत, पानांवर खरखरीत पांढरे पट्टे, तर हावर्थिया. आपल्याकडचे नर्सरीवाले कोरफडीला ग्वारपाठा म्हणतात, तसंच मागा.

पानं मऊ का पडताहेत? माझ्या मते दोष माळव्याच्या काळ्या मातीचा. ती पाणी धरून ठेवते, वरून भेगा पडल्या तरी आत ओलीच. लोकमान्य नगरात आमच्या गच्चीवर मी बागेतली माती तशीच भरली होती. श्रावणात रोप हाताला लागलं आणि मुळासकट उपटून आलं, बुडाशी तपकिरी चिखल आणि कुजकट वास.

रोप उपटा, काळी, पिचपिचीत मुळं कापा, चार-पाच दिवस सावलीत तसंच पडू द्या. बागेची माती एक भाग, जाडी रेती एक भाग, विटांचा चुरा एक भाग, त्यात मूठभर शेणखत. कुंडी मातीची, बुडाला भोक असलेलीच. लावल्यावर आठवडाभर पाणी नको. पुढे बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच भरपूर घाला. मे महिन्यात दहा दिवसांनी, थंडीत तीन आठवड्यांनीसुद्धा चालतं, पावसाळ्यात कुंडी आडोशाला. सकाळचं ऊन द्या. सावलीतून थेट दुपारच्या उन्हात नेली की पानं तांबडी पडतात.

पान कापलं तर उभं धरून पिवळा चीक गळू द्या. तोच आटवला की काळा बोळ होतो, पोटात गेला की जुलाब. मांजराला तो बाधतोच, म्हणून कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर नको, वर टांगा.